मैत्रीचा रिपोर्ट तुम्ही वाचलात, आत्याबाई

आत्याबाई, तुम्ही गेल्यानंतरच्या जलदान विधीला अंगणवाडीतल्या सगळ्याजणी आल्या होत्या. एकेकीने उठून तुमच्याबद्दल दोन शब्द सांगितले. तुम्ही कोणाच्या सुनेला हाताला धरून दवाखान्यात नेलंत, वजनकाटा बिघडला तेव्हा सुपरवायझर बाईंशी कशा भांडलात, सगळं निघालं. मलाही बोलायला सांगितलं. मी शाळेत रोज पाच तास बोलणारी बाई, पण उभी राहिले आणि मला एवढंच म्हणता आलं की आत्याबाईंनी मला वाचायला शिकवलं. लोकांना वाटलं, दुःखात काहीतरी बोलते आहे. एम.ए. झालेल्या सुनेला दहावी झालेली सासू काय वाचायला शिकवणार? माझ्या नवऱ्याने, प्रवीणने, हात धरून मला खाली बसवलं.

तिथे राहिलं ते इथे लिहिते. समोर तुम्ही आहात असं धरूनच लिहिते, कारण माझं बोलणं तुमच्यासारखं कोणी ऐकलं नाही. मी अडखळले की तुम्ही "मंग?" म्हणायचात आणि पुढचं आपोआप यायचं.

माझी लेक मैत्री तेव्हा चार वर्षांची होती. तुम्ही दर महिन्याला तिचं वजन करायचात आणि अंगणवाडीतल्यासारखाच एक तक्ता घरी, कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होतात. एका सकाळी तुम्ही मला त्या तक्त्यापुढे उभं केलंत. रेघ वर चढत चढत आली होती आणि मग पाच महिने आडवी गेली होती. मी म्हटलं, आमच्या माहेरची सगळीच माणसं बारीक आहेत. तुम्ही मान हलवलीत.

"बारीक असणं अलग असते वैशाली, थांबणं अलग असते."

मला राग आला होता, आज कबूल करते. वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं मोजली, आता माझ्या पोरीत खोट काढता आहात. प्रवीणलाही मी तसंच सांगितलं. पण तुम्ही सोडलं नाहीत. पोरगी खेळता खेळता मध्येच भिंतीला टेकून बसते, सकाळी उठली की तिला उलटी होते, हाक मारली तर एकदा ऐकते आणि एकदा ऐकत नाही, असं सगळं तुम्ही वहीत लिहीत गेलात. वर्षभराने तिला पहिला झटका आला, तेव्हा मेहकरच्या डॉक्टरांनी आम्हाला संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलेल्या पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. ती तुमच्या वहीत होती.

मैत्रीच्या रक्तात आम्ल वाढलं होतं. मॅडमनी आणखी एक तपासणी सांगितली. पोरीचं रक्त लांबच्या शहरात गेलं आणि दीड महिन्याने, एका रविवारी दुपारी, प्रवीणच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. बारा पानं, सगळी इंग्रजीत. प्रवीण एस.टी.च्या वर्कशॉपमधला माणूस, त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. मी वाचत गेले आणि तिसऱ्या पानावर अडकले. आजार मायटोकॉन्ड्रियाचा आहे आणि तो मातृवंशीय आहे, म्हणजे आईकडून आलेला. पुढची नऊ पानं मी वाचलीच नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला पाठ लावून बसले. माझ्या लेखी तो रिपोर्ट एका शब्दाचा होता.

तुम्ही मला उठवायला आला नाहीत. तुम्ही प्रवीणला आधी झेरॉक्सच्या दुकानात पाठवलंत. म्हणालात, हा मोबाईलवर वाचायचा कागद नाही. मग माझा इंग्रजी-मराठी शब्दकोश काढलात, पेन्सिलीला टोक केलंत आणि बाहेरच्या खोलीत चटईवर बसलात. तीन दिवस. मैत्रीला जेवू घालायचं, निजवायचं आणि परत चटईवर. प्रत्येक न कळणाऱ्या शब्दाखाली रेघ, त्याच्यावर मराठी अर्थ. काही शब्द शब्दकोशात नव्हते, त्यांना तुम्ही गोल केलंत. ते डॉक्टरांना विचारायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही ती पानं घेऊन माझ्याशेजारी बसलात. आणि तुम्ही मला काय दाखवलंत? एक अगदी छोटा इंग्रजी शब्द. 'मे'. तुम्ही तो जिथे जिथे होता तिथे चौकट केली होती. झटके येऊ शकतात, ऐकणं कमी होऊ शकतं, साखर होऊ शकते. "पाह्य, आजाराचं नाव आहे, हे खरं," तुम्ही म्हणालात, "पण पुढचं सगळं 'होऊ शकते' आहे. 'होईन' असं कोठीच लिहेलं नाई. तू 'होईन' वाचून राह्यली."

मुलांना उतारे समजावून सांगणारी मी. एक शब्द वाचून मी पूर्ण उतारा बंद केला होता.

ते नाव तुम्हाला कधी नीट म्हणता आलं नाही. तुम्ही 'मायटो' म्हणायचात. एकदा भाजी निवडताना म्हणालात, "नावातच माय आहे. मंग दुसऱ्या कोनाकडून येईन?" आणि स्वतःच हसलात. रिपोर्ट आल्यानंतर घरात कोणीतरी हसल्याचं मला तेच पहिलं आठवतं.

पण सगळे हसणारे नव्हते. मैत्रीला बघायला तुमच्या चुलत जाऊबाई, आमच्या काकू आल्या. प्रवीणने भाबडेपणाने त्यांना सगळं सांगितलं. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, म्हणजे आपल्या घराण्यात काही नव्हतं, सुनेच्या रक्तातूनच आलं. मी आत कणीक मळत होते. हात थांबला. तुमचा आवाज चढला नाही. तो कधीच चढायचा नाही.

"पोरगी गोरी झाली तं आईवर गेली म्हणता. हुशार निघाली तं आईवर गेली म्हणता. तवा कोनी तोंड वाकडं करत नाई. ह्या पोरीचा जीव आईकडून आला बाई. जीवासंगं जे आलं तेही आईकडूनच येईन. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

काकूंनी चहा घेतला. त्यानंतर तो विषय आपल्या घरात, निदान माझ्यासमोर, निघाला नाही. मी बाहेर येऊन तुमच्या पाया पडायला हवं होतं. मी कणीक मळत राहिले. पोळ्या जरा जास्त झाल्या त्या दिवशी, हे तुमच्या लक्षात आलं होतं, पण तुम्ही काही बोलला नाहीत.

पुढच्या खेपेला संभाजीनगरला तुम्ही गोल केलेल्या शब्दांची वही घेऊन गेलात. बाहेर रांग होती, पण मॅडमनी तुम्हाला अर्धा तास दिला. तुम्ही विचारलंत, सुनेकडून आलं तर सून धडधाकट कशी? मॅडमनी सांगितलं की शरीरातल्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे हे मायटोकॉन्ड्रिया खूप असतात, काही चांगले, काही बदललेले. आईच्या शरीरात बदललेले थोडे असले तरी बीजात ते कमी जातील की जास्त, हे कोणाच्या हातात नसतं. माझ्याही रक्ताची तपासणी झाली होती. मैत्रीच्या रक्तात शंभरातले साठ बदललेले होते, माझ्या रक्तात अकरा. ते अकरा कळल्यावर मला जास्त लाज वाटली. मी ठणठणीत आणि माझी पोरगी भिंतीला टेकून बसते.

घरी आल्यावर तुम्ही मुगाचा डबा घेतलात, त्यात थोडे काळे उडीद टाकलेत, डबा हलवलात. मला डोळे मिटून मूठ भरायला लावलीत. मग प्रवीणला. मग मैत्रीलाही, तिला तो खेळ वाटला. तिच्या चिमुकल्या मुठीत उडीदच जास्त आले आणि ती खूश झाली. तुम्ही मूठ उघडलेल्या तिच्या हाताकडे पाहत माझ्याशी बोललात. "डबा एकच आहे. आता सांग, हिच्या मुठीत जास्त आले तं कोनाचा गुन्हा?" मी म्हटलं, डबा माझा आहे ना. तुम्ही म्हणालात, "मूठ कोनी मोजून भरते का वैशाली?"

त्या रात्री मी दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट झोपले.

मग तुम्हाला माझ्या आईची आठवण झाली. सोनाळ्याला, माझ्या माहेरी, आई एकटीच राहते. चाळिशीपासून तिला कमी ऐकू येतं आणि पुढे साखर निघाली. आम्ही सगळे समजत होतो की लहानपणच्या तापात कान गेले. रिपोर्टमधल्या त्या चौकटी तुमच्या डोक्यात बसल्या होत्या. ऐकणं कमी होऊ शकतं, साखर होऊ शकते. आठ दिवसांनी तुम्ही मला घेऊन निघालात. खामगावला गाडी बदलून दुपारी सोनाळ्याला पोचलो.

तुम्ही काय सांगायला आलात हे कळल्यावर आई ओसरीवर बसून छाती पिटायला लागली. मीच दिलं, मीच माझ्या नातीला दिलं, एवढंच म्हणत होती. तुम्ही तिच्या कानाशी बोलून पाहिलंत, पण ती ऐकत नव्हती, ऐकू येत असतं तरी ऐकलं नसतं. तेव्हा तुम्ही पिशवीतून अंगणवाडीची पाटी काढलीत. आई चौथी शिकलेली. तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिलंत: 'तुमाले पण कोणीतरी देलं. त्याईले पण कोणीतरी देलं.' आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवलीत.

आईने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग म्हणाली, "माह्या मायले?"

तुम्ही मान हलवलीत.

आईची आई, जिला मी पाहिलेलंही नाही, ती तरुणपणीच गेली होती. अशक्तपणाने गेली, असं सांगायचे. आई म्हणाली, तिलाही ऐकू येत नव्हतं. गावातली पोरं तिला मागून हाका मारायची आणि ती वळली नाही की हसायची. आपणही हसायचो, आई म्हणाली. आणि मग ती रडायला लागली, पण आता वेगळं रडणं होतं. स्वतःसाठी नव्हतं, माझ्यासाठी नव्हतं. त्या मेलेल्या बाईसाठी होतं, जिला कधी कोणी सांगितलं नाही की तिला काय झालंय. तुम्ही तिचा हात धरून बसलात. दोघी विहिणी. एकीला ऐकू येत नाही, दुसरी बोलत नाही. मी आत जाऊन चहा टाकला.

पुढच्या महिन्यात तुम्ही आईलाही मॅडमकडे नेलंत. तिची साखरेची गोळी बदलली, कारण ती जी घेत होती ती या आजारात चालत नव्हती. हृदयाची तपासणी झाली. कानाचं यंत्र बसलं. आता ती फोनवर माझा आवाज ऐकते. तुमच्या जाण्याची बातमी तिने त्याच यंत्रातून ऐकली.

तुम्हाला कोणी शूर म्हटलं असतं तर तुम्ही हात झटकला असता. पण मी तुम्हाला शूर होताना पाहिलंय. मैत्री सहा वर्षांची असताना सकाळी शाळेच्या तयारीत तिला झटका आला आणि थांबेना. जवळच्या दवाखान्यात नेलं. नवीनच डॉक्टर होते, घाबरले नव्हते, पण घाईत होते. पहिल्या इंजेक्शनाने झटका थांबला नाही तेव्हा त्यांनी नर्सला दुसरं सांगितलं. मी पोरीचे पाय धरून उभी होते. तुम्ही नर्सच्या आणि खाटेच्या मध्ये गेलात. औषधाचं नाव विचारलंत. बाटली हातात घेऊन वाचलीत. पदराच्या गाठीतून तो कागद काढलात, ज्यावर मॅडमनी या आजारात कोणती औषधं टाळायची ते लिहून दिलं होतं आणि ज्याच्या तुम्ही पाच झेरॉक्स काढून घरभर ठेवल्या होत्या.

"सायेब, हे वाचा. एक मिनिट लागन. मंग तुमी म्हणसान ते करू."

डॉक्टरांनी वाचलं. मॅडमना फोन लावला. औषध बदललं. अर्ध्या तासाने मैत्रीने डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर तुमच्याजवळ येऊन म्हणाले, आजी, तुम्ही कागद आणला म्हणून बरं झालं. तुम्ही म्हणालात, तुम्ही वाचला म्हणून बरं झालं. त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून तुम्ही ते बोललात, हे मला घरी आल्यावर उमगलं.

आणि शाळेत जायची ती तुमची पद्धत. घर ते शाळा दहा मिनिटांचा रस्ता. मैत्रीचे पाय मध्येच भरून यायचे. तुम्ही तिला उचलून घेतलं नाहीत आणि 'दमलीस का' असंही कधी विचारलं नाहीत. गिरणीच्या पायरीवर बसायचं, मग रसवंतीच्या बाकावर बसायचं, मग शाळेच्या पारावर. प्रत्येक ठिकाणी तुम्हालाच काही काम असायचं. चप्पल झाडायची असायची, गिरणीवाल्याची विचारपूस करायची असायची. मैत्रीला कित्येक दिवस वाटत होतं की शाळेत असंच जातात, सगळेच बसत बसत जातात. परवा मी तिला सोडायला निघाले तर ती गिरणीपाशी थांबली आणि म्हणाली, आई, बस ना, तुला काही काम नाही का? मी बसले. मला तिथे कोणतं काम काढायचं ते सुचेना.

आता ज्याबद्दल लिहायला मी घाबरते आहे, ते लिहिते.

माझी धाकटी बहीण पल्लवी. शेगावला नोकरी करते. थंडीत तिचं साक्षगंध झालं, खामगावच्या नितीनशी लग्न ठरलं. ज्या डब्यातून माझी मूठ भरली त्यातूनच तिचीही भरली, हे समजायला डॉक्टर नको होता. मैत्रीला 'झटक्याचा आजार' आहे एवढंच तिला ठाऊक होतं. आईलाही मी शपथ घातली होती. साक्षगंध आटोपून घरी आलो त्या दिवसापासून तुम्ही मला सांगायला लागलात, तिला लग्नाआधी सांग. मी म्हणायचे, सांगते. मग म्हणायला लागले, लग्न होऊ द्या, मग सांगते. मग म्हणायला लागले, तिला काही त्रास नाही, कशाला उकरायचं?

तुम्ही प्रत्येक वेळी तेच म्हणायचात. "तिच्या आंगात काय आहे हे तिले माहीत पायजे. तुले कळलं तवा पोरगी पाच वर्षांची झाली होती. तिले आधी कळू दे." मी म्हणायचे, लग्न मोडलं तर? तुम्ही म्हणायचात, मोडणार नाही असं मी म्हणत नाही.

खरं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लग्न मोडण्याची भीती होतीच. पण त्याच्याही खाली दुसरं काहीतरी होतं. तिने तपासणी केली आणि तिच्या मुठीत अगदी थोडं निघालं तर? मग तिला धडधाकट पोरं होतील आणि माझी मैत्री त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसेल. स्वतःच्या बहिणीबद्दल असा विचार करणारी मी बाई आहे, हे मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. आता वाटतं, तुम्हाला ते कळलं असावं.

तुम्ही जाण्याच्या तीन आठवडे आधीची दुपार. लग्नाच्या साड्या घ्यायला जायचं ठरत होतं आणि तुम्ही परत तेच काढलंत. मी धुतलेले कपडे घडी करत होते. मी वर न बघता म्हणाले, "तुमाले पोरगी नाई आत्याबाई. तुमाले नाई कळाचं हे."

तुम्हाला दोन मुलगे. मुलगी हवी होती, झाली नाही, हे मला प्रवीणने लग्नानंतर सांगितलं होतं. माहीत असून बोलले मी.

तुम्ही उठून मैत्रीच्या औषधाची वेळ झाली म्हणून आत गेलात. त्यानंतर आठ दिवस आपण कामापुरतं बोललो. मग हळूहळू पूर्ववत झालं, पण पल्लवीचा विषय तुम्ही परत काढला नाहीत. मला वाटलं, तुम्ही हरलात. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग त्या सकाळी मैत्रीची दुसरी वेणी घालता घालता तुम्ही म्हणालात, जरा पडते, आणि पडलात त्या उठला नाहीत. सगळ्यांचं दुखणं तुम्हाला कळायचं, स्वतःच्या छातीत दुखतंय हे कोणाला सांगितलं होतंत?

जलदान विधीनंतर पल्लवी दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाहुण्यांची भांडी घासत होतो. मी तिला सांगितलं. का सांगितलं, ते नीट सांगता येत नाही. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. तुम्ही नसताना ते माझ्या एकटीजवळ राहिलं होतं आणि एकटीला ते उचलत नव्हतं. मी रिपोर्ट सांगितला, मुगा-उडदाचं सांगितलं, आईच्या आईचं सांगितलं. माझ्या मनातलं ते वाईटही सांगितलं. पल्लवी पातेलं घासत राहिली. मग म्हणाली,

"ताई, मले अंदाज होता. साक्षगंधाच्या दिवशी मी मावशीले, तुह्या सासूले, विचारलं होतं. आईचे कान, मैत्रीचे कान, मी काय येडी आहे का? त्या म्हणे, तुही ताई सांगन तुले. तिच्याकडूनच ऐक. तिले थोडा वेळ लागून राह्यला."

मी विचारलं, "अन् तू एवढे दिवस थांबली?"

"त्याईनं सांगतलं होतं ना, तू सांगशील म्हणून."

आत्याबाई, चार महिने. पल्लवी वाट बघते आहे हे तुम्हाला साक्षगंधाच्या दिवसापासून माहीत होतं आणि तुम्ही मला एकदाही म्हटलं नाहीत की तिला संशय आहे, आता लपवून काय फायदा? एवढं बोलला असता तर वाद तिथेच संपला असता. मी सुटले असते. तिला कळलंच आहे म्हणून मी काहीच बोलले नसते, आणि ते न बोलणं आम्हा दोघींच्या मध्ये जन्मभर राहिलं असतं. मी इतकं लागेल असं बोलले, तरी तुम्ही ते एक वाक्य स्वतःजवळ ठेवलंत. मी सांगेन, असा शब्द तुम्ही तिला दिला होतात, माझ्या वतीने, मला न विचारता. माझ्यावर एवढा भरवसा मी स्वतःही कधी ठेवला नव्हता.

पल्लवीने त्याच संध्याकाळी नितीनला फोन केला. मी बाजूला बसले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांग, मी रजा टाकतो. पुढे काय होईल माहीत नाही. त्याच्या घरचे काय म्हणतील तेही माहीत नाही. पण तो आला.

काल आम्ही तिघं मॅडमकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं आणि आमच्या मागे दाराकडे पाहिलं. आजी कुठे आहेत, म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, त्यांचा एक प्रश्न माझ्याकडे राहिला होता. तुम्ही त्यांना फोन केला होतात म्हणे. अशा घरातल्या मुलीचं लग्न होणार असेल तर तिला निरोगी मूल होण्यासाठी आता काय काय करता येतं, कुठे करता येतं, त्यात धोका किती, हे तुम्हाला सगळं हवं होतं, आणि मॅडमनी चौकशी करून सांगते म्हटलं होतं. त्यांनी ती केली होती. पल्लवीला आणि नितीनला त्यांनी तासभर समजावून सांगितलं. रस्ते आहेत, सोपा एकही नाही, खात्रीचा एकही नाही, पण आहेत. पल्लवीने तपासणीसाठी रक्त दिलं. नितीनने तिची पर्स धरली होती.

निघताना मी मॅडमना विचारलं, तो फोन कधी आला होता? त्यांनी मोबाईलमध्ये बघून सांगितलं. मी बोलले होते त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आपण एका घरात एकमेकींशी बोलत नव्हतो त्या आठ दिवसांतला.

तुम्हाला मुलगी नाही, असं मी म्हटलं होतं. ते खोटं होतं, आत्याबाई. तुमच्या तोंडावर मला हे म्हणायचं राहून गेलं.